मेणाचा उजवा हात

कॉलेजच्या सहलीत टेकडीवरचं जुनं चर्च पाहिलं. सरांनी काचेच्या पेटीत शतकानुशतकं जपलेलं संताचं हाड दाखवलं. माझं लक्ष मात्र दारात विकायला ठेवलेल्या मेणाच्या हातापायांकडे गेलं.

दहावीच्या परीक्षेआधी आईने मला इथेच आणलं होतं. दुखणारा अवयव मेणाचा करून चर्चमधल्या माउलीला वाहायचा, अशी इथली रीत.

"परीक्षेला काय वाहतात हो?" आईने विकणाऱ्या मावशींना विचारलं.

"डोकं घे, बाय."

"डोकं आहे तिचं जाग्यावर. उजवा हात द्या. लिहिताना थांबायला नको."

आईला सहीसुद्धा येत नव्हती.

वाहिलेलं मेण वितळवून मेणबत्त्या करतात, हे आज कळलं. आमचा हात कुणाच्या तरी प्रार्थनेत जळून गेला असेल. मी एक मेणबत्ती घेतली आणि लावण्याआधी बराच वेळ उजव्या हातात धरून उभी राहिले.