मागे टाकायची पावलं

“आणि पडली तर?” मी सांभाळते त्या वाचनालयात काकांच्या आधी त्यांचं हे वाक्य आत यायचं. पुस्तक बघायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, “ठीक आहे हो मॅडम, पण ती पडली तर?”

ती म्हणजे काकू. कंपवातामुळे चालता चालता त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडायचे. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने सुचवलं, हात धरून वॉल्ट्झसारखा जोडीचा नाच करा, तालावर पाय सुटतात. पडून खुबा मोडला तर मात्र अंथरूण धरावं लागेल, हेही तिनेच सांगितलं. तेव्हापासून या माणसाच्या जिवाला घोर लागला.

आता सांगा, अलिबागजवळ सुपारीच्या वाडीत राहणाऱ्या सत्तरीच्या माणसाने बॉलरूम नाच शिकायचा कुठे? तर माझं डोकं खाऊन. आमच्याकडे या विषयावरचं एकच पुस्तक होतं, कुणा मुंबईकराने बंगला विकताना दिलेलं. त्यात पावलांचे ठसे छापलेले, पुरुषाचे काळे, बाईचे पांढरे. काकांनी ते पाठ केलं. मग कॉम्प्युटरवर व्हिडिओ शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि एकही त्यांच्या पसंतीला उतरेना. “यात पाय कुठे दिसतात? तोंडं बघून मी काय करू?” एका व्हिडिओत जोडपं गरकन फिरलं, तर हे खुर्चीचे हात गच्च धरून बसले. “बंद करा ते. पडेल ती.”

एक दिवस म्हणाले, “मॅडम, बाईची पावलं शिकवणारा व्हिडिओ काढा. मला शिकायचीत.”

“काका, झगासुद्धा शिवायला टाकलाय का?”

ते हसले नाहीत. “सगळीकडे पुरुष पुढे येतो आणि बाई मागे जाते. हिचा मागे पाऊल टाकलं की तोल जातो. पुढे येते ती. मग मागे कोणी जायचं?”

माझं मलाच कसंतरी झालं. त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून एक संथ व्हिडिओ निवडला, त्यात बाईचे पाय नीट दिसत होते.

पुढे एकदा मी त्यांच्या घरी गेले, तर ओटीवरचा झोपाळा काढून ठेवलेला. काका “एक-दोन-तीन” करत मागे मागे चाललेले, कधी खांबाला पाठ आपटत, कधी उंबऱ्याला टाच. काकू मुकाट्याने पुढे येत होत्या.

“काका, तुम्हीच पडाल हो.”

“मी पडलो तर उठेन.”

यंदा त्यांच्या लेकीने दोघांना कायमचं मुंबईला बोलावलं, न्यायलाही तीच आली. मांडव्याच्या धक्क्यावर मी पोचवायला गेले. पाण्याला जोर होता, बोट वरखाली होत होती. बोटीत चढायच्या फळीपाशी नेमके काकूंचे पाय अडले. मागे रांग खोळंबली. “काका, आम्ही उचलून घेतो त्यांना,” बोटीवरचा माणूस म्हणाला. काकूंनी मान हलवली, नको.

काकांनी पिशवी लेकीकडे दिली, बोटीकडे पाठ केली आणि काकूंचे दोन्ही हात धरले. “एक-दोन-तीन.” काकूंचं पाऊल सुटलं. काका फळीवर मागे मागे जाऊ लागले, खाली पाणी उसळत होतं, आणि त्यांची नजर काकूंच्या पायांवरून हलत नव्हती. माझ्याच मनात आलं, आणि हे पडले तर?

तेव्हा काकू बोलल्या. काकांच्या खांद्यावरून पलीकडे बघत, बारीक आवाजात.

“सावकाश. तुमच्या मागे पायरी आहे.”

काकांनी वळून बघितलं नाही. टाचेने पायरी चाचपली आणि उतरले.