शालीची सुलट बाजू
दोरीवरचे कपडे काढताना लेकीचा कुर्ता उलटा हातात आला, आतले धागे बोटांना लागले, आणि आखातात राहत असतानाची, हूरा वस्तीतली आमची जुनी शेजारीण आठवली. ती निलगिरीच्या डोंगरातली, तोडा जमातीची. तिथल्या सलमानिया इस्पितळात नर्स होती. भारतीय बायकांच्या एका कार्यक्रमाला ती आईने भरतकाम केलेली जाड पांढरी शाल पांघरून आली. तांबडी-काळी नक्षी, आणि धाग्यांची खडबडीत बाजू वर. स्टेजमागे सूत्रसंचालन करणाऱ्या पुण्याच्या बाई घाईघाईने म्हणाल्या, "अरे, शाल उलटी है, सीधी करो!" आणि स्वतःच टोक ओढू लागल्या. हिने त्यांचा हात बाजूला केला. "उलटी नहीं. हमारे लोग यही बाजू बाहर रखते हैं." बाई माझ्याकडे वळल्या, "अहो, सांगा ना हिला, लोक हसतील!" मी तोंड उघडायच्या आत हीच म्हणाली, "हसने दो." तशीच स्टेजवर गेली आणि पहिल्या रांगेतलं हसू विरेपर्यंत मधोमध उभी राहिली. परवा मंडळात माझी रत्नागिरीकडची बोली ऐकून कुणीतरी म्हणालं, "जरा शुद्ध बोला की!" मी म्हटलं, "बाय, आमची सुलटी बाजू हीच हाय."