तुटण्यासाठी केलेला बोल्ट

आमच्या सोलापूरच्या ट्रॅक्टर-पार्टच्या दुकानात सगळ्यात जास्त शिव्या खाणारा माल म्हणजे सेफ्टी बोल्ट. रोटाव्हेटर म्हणजे ट्रॅक्टरमागे लावून ढेकळं फोडणारं यंत्र. ट्रॅक्टरची ताकद त्याच्यापर्यंत नेणारा जो फिरता दांडा असतो, त्या शाफ्टला हा बोल्ट बसतो. पात्यांत दगड अडकला की बोल्टनं तुटायचं आणि बाकीचं यंत्र वाचवायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून तो मुद्दाम मऊ लोखंडाचा करतात. हे मी काउंटरवर वर्षानुवर्षं सांगत आलेय, आणि ऐकणारा प्रत्येक जण माझ्याकडे असा बघतो, की ही बाई खराब माल खपवायला काय काय रचते!

'अक्का, तुटणारा कशाला देताय? न तुटणारा द्या की.'

'देते की. पण मग गिअरबॉक्सपण आजच घेऊन जा. परत फेरी नको.'

मग तो हसतो, कुरकुरतो आणि मऊ बोल्टची पुडी घेऊन जातो. आमच्याकडे पार्ट मागायची रीतच अशी, की तुटलेला तुकडा आणून काउंटरवर ठेवायचा. पार्टचा नंबर कुणाला पाठ नसतो. तुकडा हातात आला की बोलणं सुरू होतं. रान कुठलं, दगड किती, ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा. त्या बोलण्यात निम्मी कामं होतात. मला त्या बोलण्याची सवय आहे, खरं तर चटकच आहे म्हणा.

माझ्याहून बराच धाकटा भाऊ आहे, दुकान आम्ही दोघं बघतो. त्यानं ऑनलाइन विक्री सुरू केली तेव्हा मी नाक मुरडलं, पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कुंभारीची माणसं मोबाइलवरून दिल्लीचे पार्ट मागवत होती. कुंभारी म्हणजे आमच्या दुकानापासून पंधरा मिनिटांवरचं गाव. 'आपण नाही विकलं तर दुसरा कुणीतरी विकणारच आहे ना ताई,' असं तो म्हणाला, आणि माळ्यावर पांढरा पडदा लावून त्यानं फिल्टर, बेअरिंग, क्लच प्लेट यांचे फोटो काढायला सुरुवात केली. पडदा म्हणजे माझी चांगली चादर होती, हे मला नंतर कळलं.

सुरुवातीला मजा वाटली. मग परत येणारी पार्सलं सुरू झाली. एकानं क्लच प्लेट परत पाठवली, कारण लिहिलं, रंग आवडला नाही. क्लच प्लेट काय साडी आहे? दुसऱ्यानं नवा फिल्टर ठेवून घेतला आणि डब्यात आपला जुना, काळं तेल गळणारा फिल्टर भरून पाठवला. मी चिडायचे, भाऊ हसण्यावारी न्यायचा. पण सेफ्टी बोल्टच्या बाबतीत त्याला हसता येईना. 'दोन दिवसांत तुटला. फसवणूक.' 'तुटका माल, घेऊ नका.' एकेक तारा. त्या जगात काउंटर नाही, तुकडा नाही, समजावून सांगायला मी नाही. तुटलं म्हणजे वाईट, एवढंच तिथं कळतं. ताऱ्यांची सरासरी घसरली तशी आमच्या मालाची ऑनलाइन पानं शोधात खाली गेली. एक दिवस ज्या ऑनलाइन कंपनीवरून विकत होतो तिचा इशारा आला, की असंच चाललं तर आमचं खातंच बंद होईल. भावानं या कामात दोन वर्षं घातली होती. तो जेवताना बोलेनासा झाला. ताटात हात आणि डोळे मोबाइलमध्ये.

म्हणून त्या दुपारी तो माळ्यावरून धडाधड उतरत आला आणि त्याचा चेहरा फुललेला दिसला, तेव्हा मलाही बरं वाटलं.

'ताई, पाच तारे! सेफ्टी बोल्टला!'

त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. मी वाचलं. 'लई मजबूत बोल्ट. आधीचे रोज तुटत होते. हा तुटतच नाही.'

मी पुन्हा वाचलं.

'तुटत कसा नाही?' मी विचारलं.

मी त्याच्या बाजूनं माळ्यावर गेले आणि भरून ठेवलेलं एक पाकीट फोडलं. बोल्टच्या डोक्यावर त्याच्या ताकदीचा आकडा उठवलेला असतो. हे बोल्ट कडक पोलादाचे होते, ट्रॅक्टरचा जड भाग आवळायला वापरतात तसले. पाकिटावर मात्र आमचीच चिठ्ठी, 'रोटाव्हेटर सेफ्टी बोल्ट'.

'कधीपासून?'

'याच आठवड्यात बदलले. ताई, लोकांनाच हवेत. तुझ्याकडे मागत नाहीत का? नाही दिलेस तर शेजारच्या हार्डवेअरमधून घेऊन घालतातच की.'

'ते त्यांच्या हातानं घालतात. आपण सेफ्टी म्हणून विकलाय.'

'अगं, तो खूश आहे, वाच ना.'

'तो खूश आहे म्हणूनच मला धडकी भरलीय.'

मी त्याला आयुष्यात कधी बोलले नाही असं बोलले. ते शब्द इथे लिहीत नाही. त्यानंही आवाज चढवला, खातं बंद पडलं तर तू भरून देणार का म्हणाला. भांडता भांडता माझी नजर मोबाइलवरच्या फोटोवर गेली. त्या गिऱ्हाइकानं कौतुकानं आपल्या रोटाव्हेटरचा फोटो टाकला होता. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण केव्हाच काढून टाकलेलं. आणि यंत्राच्या पाठीवर, शाफ्टच्या अगदी मागे, गोणपाटाची घडी घालून दोरीनं आवळून बांधलेली गादी.

गादी कशासाठी, ते भावालाही माहीत होतं. रोटाव्हेटर खोल जावा म्हणून त्यावर वजन लागतं. कुणी दगड ठेवतात. कुणी घरातलं माणूस बसवतात.

मी फोटो बोटांनी मोठा केला आणि त्याच्यापुढे धरला. बोल्ट तुटला नाही तर दुसरं काहीतरी तुटतं. नशीब बरं असेल तर गिअरबॉक्स. नसेल तर शाफ्टचा सांधा सुटतो, आणि ट्रॅक्टरला लटकलेला अर्धा शाफ्ट लोखंडी चाबकासारखा फिरत राहतो. त्या गादीवरच्या माणसाचे गुडघे तिथून हातभर अंतरावर असणार. भावाच्या तोंडचं पाणी पळालं. तो वाईट मुलगा नाही. त्यानं तारे पाहिले होते, गादी पाहिली नव्हती.

मग आमची धावाधाव सुरू झाली. बाकीची पाकिटं अजून शहरातच कुरिअरच्या गोदामात पडून होती, ती त्यानं ओळखीनं थांबवली. पोचलं होतं ते एकच, हे. आणि या गिऱ्हाइकाला फोन करावा तर नंबर नाही. पार्सल पोचलं की कंपनी नंबर झाकून टाकते. निरोप पाठवायला कंपनीनंच लिहून ठेवलेली वाक्यं, त्यांतलं एक निवडायचं. 'आपल्या खरेदीबद्दल आभार' होतं, 'उशिराबद्दल दिलगीर आहोत' होतं. 'यंत्र बंद करा' नव्हतं. मदतीचा नंबर लावला तर ध्वनिमुद्रित बाईनं गोड आवाजात पर्याय वाचले. रिफंड हवा असल्यास एक दाबा, पार्सल बदलायचं असल्यास दोन दाबा. मी तिच्यावर ओरडले. ती पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.

पार्सलच्या पत्त्याच्या नकलेवर नाव पुसट झालेलं, गाव होतं वळसंग, आणि पत्ता 'शाळेच्या मागे'. एवढ्याच आधारावर आम्ही दुकानाची छोटी गाडी काढली. जाण्याआधी भावानं बोल्टचं पान बंद केलं. बटण दाबताना त्याचा अंगठा क्षणभर थांबला, ते मी पाहिलं.

गाडी मीच चालवली. अक्कलकोट रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या, त्यांना ओलांडताना मी दोनदा चुकीच्या बाजूनं घुसले. भाऊ मांडीवर मऊ बोल्टचं पाकीट आणि पान्यांची पिशवी धरून बसला होता. कुंभारी मागे पडल्यावर तो म्हणाला, 'ताई, पावसानंतर रानं आत्ता वापशावर आलीत. सगळे रोटाव्हेटर चालू असतील.' मला हे माहीत नव्हतं का? मी त्याला गप्प बस म्हणाले. भीती वाटली की मला राग येतो, आणि त्या वेळी मला फार भीती वाटत होती.

वळसंगच्या शाळेमागे कुलूपबंद घरं. सगळी माणसं रानात. चहाच्या टपरीवर दोघं-तिघं बसले होते, त्यांना मी मोबाइलवरचा फोटो दाखवला.

'ही गादी बगितली की कळतंय की,' एक म्हातारा हसत म्हणाला. 'त्याची बायको बसती त्येच्यावर. आमी राणीची खुर्ची म्हंतो.'

बाकीचेही हसले.

'आत्ता कुटं असतील?' भावानं विचारलं.

'वड्याच्या पलीकडं. सकाळपास्नं चालू हाय.'

ओढ्याला पाणी होतं, गाडी अलीकडेच सोडली. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. एकसारखा येत होता तोवर बरं, पण मधेच तो घुसमटल्यासारखा खाली जायचा, म्हणजे पात्याखाली दगड आलेला. मग आवाज पुन्हा वर यायचा. म्हणजे बोल्ट तुटला नाही. एरवी या आवाजाला मी चांगला म्हटलं असतं.

बांधावर आलो तर समोर दिसलं. पुढे ट्रॅक्टरवर पंचेचाळिशीचा माणूस, मागे त्या गादीवर त्याची बायको, पदर कमरेला खोचून, दोन्ही हातांनी लोखंडी पट्टी धरून बसलेली. धुळीनं तिचा चेहरा, केस, लुगडं एकाच रंगाचं झालं होतं. मी ओरडत होते, ते कुणाला ऐकू जाणार? भाऊ भुसभुशीत मातीत पडत-धडपडत धावला आणि ट्रॅक्टरच्या थेट पुढे जाऊन हात पसरून उभा राहिला.

ट्रॅक्टर थांबला. शाफ्ट थांबला. तो माणूस खाली उडी मारून आला.

'एन री! मरायचं हाय का?' तो कानडी-मराठीत ओरडला.

मी पोचले तोवर भावाला धाप लागली होती. आम्ही सोलापूरहून आलोय, दुकानवाले, तुमचा बोल्ट बदलायचाय, असं मी सांगितलं. त्या माणसाचा चेहरा एकदम निवळला.

'त्यो व्हय? लई भारी बोल्ट. मी पाच तारे दिलेत की तुमाला.'

'तो काढायचाय.'

'का म्हणून? तुटत न्हाय म्हणून तर चांगला म्हनलं. न्हाय काढनार.'

मी काउंटरवरचं सगळं बोलायला तोंड उघडलं, पण भाऊ आधी बोलला.

'दादा, तो सेफ्टी बोल्ट नव्हेच. मी मुद्दाम कडक बोल्ट भरला पाकिटात. तारे कमी व्हायला लागले म्हणून. माझी चूक आहे. तुम्ही हवं तर चार माणसांत बोला मला, पण आधी तो काढू द्या.'

तो माणूस त्याच्याकडे बघत राहिला. मग बाजूला सरला. भाऊ गुडघ्यावर बसला आणि पाना लावला. बोल्ट निघेना. हातोडीनं ठोकून ठोकून बाहेर काढला, तर ज्या भोकात तो बसत होता ते भोक एका बाजूनं ओढलं जाऊन लांबट झालेलं. भावानं चिंधीनं सांध्यावरचं ग्रीस पुसलं आणि तसाच थबकला. सांध्याला जोडून ठेवणाऱ्या एका लोखंडी कानाला आरपार भेग गेली होती.

तो माणूस वाकला, भेगेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं. त्यानं पुन्हा फिरवलं. मग मान वर करून पाहिलं, तर डोळ्यांसमोर गोणपाटाची ती गादी आणि तिच्यावरून खाली लोंबणारे बायकोचे मातीनं भरलेले पाय. ती अजून बसूनच होती. तिला उतर असं कुणी म्हटलंच नव्हतं.

'उतर,' तो म्हणाला.

ती उतरली. उतरल्यावर तिला पटकन सरळ उभं राहता येईना, रोटाव्हेटरला धरून तिनं कंबर हळूहळू ताठ केली. मी तिला हात दिला.

'मगाचा काढला न्हवं? ब्येस झालं,' ती मला म्हणाली. 'आदीचा लई गुनाचा हुता बगा. तुटला की ह्ये नवा बसवीपतुर मला खाली उतराया मिळायचं, घोटभर पानी प्याया मिळायचं. ह्यो आल्यापास्नं बूड उचललं न्हाय.'

मला हसू आलं नाही. तिनं ते हसण्यासाठी सांगितलंही नव्हतं. भाऊ मान खाली घालून पान्याशी चाळा करत होता.

सांधा बदलल्याशिवाय यंत्र चालवायचं नाही, सांधा आम्ही उद्या आमच्या खर्चानं आणून बसवतो, असं मी म्हणाले. तो माणूस ऐकत नव्हता. तो गादीची दोरी सोडत होता. गाठ जुनी आणि घट्ट, बोटांनी सुटेना, तेव्हा त्यानं भावाकडून पक्कड मागून घेतली आणि दोरी तोडली. गोणपाटाची घडी त्यानं बांधावर टाकली.

'मग वजनाला काय?' बायकोनं विचारलं.

'पोत्यात माती भरू. दोन पोती टाकली की झालं.'

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसलं. जिथं पुसलं तेवढाच चेहरा धुळीतून वर आला.

'एवढी वर्सं पोती न्हवती व्हय घरात?'