विहारातून मी का उठलो

"आमचा दादा ध्यानाला बसला होता ना, तर मोरिवलीचा भोंगा वाजला आणि हा ताडकन उभा. पाळीला निघाला, बघा." माझा धाकटा भाऊ हा किस्सा घरातल्या प्रत्येक लग्नात सांगतो. तात्पर्यही तोच पुरवतो: जन्मभर भोंग्यावर चाललेल्या माणसाला कसलं आलंय ध्यान. मंडळी हसतात. मी आजवर खाली मान घालून जेवत राहिलो. आता लिहितो.

नव्वदनंतरची गोष्ट. मोरिवलीच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी पाळीप्रमुख होतो. माणसे कमी करण्याची भाषा सुरू झाली होती, आणि कोणाला कमी करावे हे मलाच विचारले जात होते. त्याच वर्षी पत्नी गेली. छाती आवळल्यासारखी होई. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, ताण कमी करा. जणू ताण म्हणजे एखादा व्हॉल्व्ह, आणि तो फिरवणे तेवढे मी विसरलो होतो.

भाऊ उल्हासनगरहून आला आणि मला अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या विहारात घेऊन गेला, हे मी नाकारत नाही. तोही शेजारी बसत असे. शिकवणारे गृहस्थ सांगत, "श्वास येतो, जातो. तुम्ही फक्त पाहायचं. दुरुस्ती करायची नाही." हे शेवटचे वाक्य बहुधा माझ्यासाठीच असावे. इतरांना मौन जड जाई. मला कशाला जाईल? मुलगा बदलापूरला राहायला गेला होता. घरी कुकर मीच लावी आणि त्याच्या शिट्ट्या मीच ऐकी.

कित्येक आठवडे काही घडले नाही. मग एका सकाळी घट्ट आवळलेला जबडा आपोआप सुटला, खांदे खाली आले. श्वास पोटापर्यंत गेला आणि वाटेत कुठेही अडला नाही. पत्नी गेल्यानंतर प्रथमच मला बरे वाटले. काही बरे घडले की आधी तिला सांगायचे, अशी आमच्या संसाराची रीत होती. मी उठलो तो तिला सांगायला. अनवाणीच घरी पोहोचलो आणि दाराची बेल दाबली. कोणी येईना, म्हणून पुन्हा दाबली. कुलूप समोर लटकत होते, किल्ली माझ्याच खिशात होती.

मागून भाऊ माझ्या चपला घेऊन आला. "काय रे दादा, भोंग्याला उठलास की काय?"

मी उत्तर दिले नाही. त्याने तो होकार समजला. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा जाऊन बसलो, आजही बसतो. पण ते सांगितले तर लग्नात कोणी हसणार नाही.

तेव्हा मला ध्यान साधले नाही, असे यापुढे कोणी म्हणू नये. भोंगा आपण स्वतः ऐकला, असे भाऊ आता छातीठोकपणे सांगतो. तो दिवस शुक्रवारचा होता. आमच्या औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे, आणि त्या दिवशी भोंगा वाजत नसे.