आक्का म्हणायच्या, उद्या दे

रुग्णाच्या हाताची शीर शोधताना आक्का डोळे मिटून घ्यायच्या. दोन बोटं मनगटापासून हळूहळू वर सरकत जायची, कुठेतरी थबकायची, आणि लांबून कुणी ओळखीचं हाक मारत असावं तसा त्यांचा चेहरा व्हायचा. मग डोळे उघडून सुई. एकदाच. जयपूरच्या त्या इस्पितळात आम्हा नव्या नर्सेसना त्यांच्या हाताखाली दिलं होतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई ड्युटीवर पेंगतायत!

आक्का साताऱ्याकडच्या. नवऱ्याच्या फौजेतल्या नोकरीपायी इथे आल्या आणि शहराच्या झोटवाडा भागातच राहिल्या. मी बँकेतल्या बदलीवाल्या बापाची मुलगी, हिंदी मुलखात वाढलेली. माझं मराठी ऐकून त्या पोट धरून हसायच्या. एकदा मी म्हणाले, "आक्का, मतलब, मला भीती लागते."

"भीती वाटती गं. लागती ती भूक. चल, आधी डबा खा."

हिवाळ्यात आम्ही गच्चीवर उन्हात डबे उघडायचो. तिथे त्या रोज एकच विचारायच्या, "आज कुणाचं नाव कळलं?" बेड नंबर सांगितलेला त्यांना चालत नसे. उन्हानं डोळे जड व्हायचे, खालचे आवाज विरत जायचे आणि आम्ही माणसांची नावं घेत बसायचो. तो अर्धा तास मला अजून स्वप्नातल्यासारखा आठवतो.

तिसऱ्याच आठवड्यात एका म्हातारीच्या हातात मी तीनदा सुई चुकवली. हात निळा पडला. तिचा मुलगा सगळ्यांदेखत ओरडला. आम्ही सहाजणी बरोबर लागलो होतो, चौघी तोवर सोडून गेल्या होत्या. पाचवी मी, असं ठरवून राजीनामा लिहिला आणि आक्कांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचलाही नाही.

"उद्या दे. आत्ता त्या माउलीचा हात शेकायचाय."

कोमट पाण्याचं फडकं घेऊन मी भीतभीत गेले. म्हातारी एवढंच म्हणाली, "बैठ जा, छोरी," आणि माझ्या हातात हात ठेवून झोपून गेली. खिडकीतलं ऊन तिच्या पायांवरून उशीपर्यंत सरकलं, तरी मी हलले नाही. दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन गेले, तर आक्का पुन्हा म्हणाल्या, उद्या दे. मग हे रोजचंच झालं. एके दिवशी मी पत्र न्यायचंच विसरले.

गेल्या हिवाळ्यात, अकरा वर्षांनी, आक्का निवृत्त होऊन लेकीकडे साताऱ्याला निघाल्या. मी त्यांची पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेले.

"तू लागलीस ना, त्याच आठवड्यात मीबी राजीनामा लिवला हुता," त्या म्हणाल्या. "हे गेल्यावर कशातच मन लागंना."

"मग दिला का नाहीत?"

रिक्षात बसता बसता त्यांनी माझा गाल धरला. "तुला रडती सोडून जाऊ व्हय? आन् तू हसाय लागल्यावर मग जाऊच वाटंना."