ईश्वराच्या नावाने

आमच्या नंदुरबारमधून आमच्यातला कुणी खासदार होणार नाही, कारण जागा आदिवासींसाठी राखीव आहे. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याची खंत नाही. देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून बौद्ध माणूस निवडून आला की ते त्याला आपलाच खासदार मानतात. बिचाऱ्या खासदाराला पत्ताही नसतो, पण आप्पांची त्याच्यावर नजर असते.

नवी लोकसभा भरली की शहाद्याच्या आमच्या घरात आप्पा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून टीव्हीसमोर बसतात. शपथ दोन तऱ्हेची असते. कुणी ईश्वराला स्मरून घेतं, कुणी नुसती गांभीर्याने प्रतिज्ञा करतं. आपण ईश्वर मानत नाही, तेव्हा आपल्या माणसाने प्रतिज्ञाच करायची, हा आप्पांचा कायदा. रविवारी विहारात वंदना झाली की कोण काय बोललं हे ते सगळ्यांना सांगतात. लोक कंटाळतात, पण ऐकून घेतात.

या वेळी ते एकाचीच वाट पाहत होते. तो गृहस्थ दोन वर्षांपूर्वी आमच्या विहारात येऊन गेला होता. सतरंजीवर बसून त्याने सगळ्यांबरोबर त्रिशरण आणि पंचशील म्हटलं होतं. त्याच्यासोबतचा आप्पांचा फोटो आमच्या बैठकीत टांगलेला. त्याचं नाव पुकारलं तसं आप्पांनी घरातल्या सगळ्यांना गप्प केलं. त्याने ईश्वराची शपथ घेतली, सही केली आणि तो जागेवर जाऊन बसलाही.

आप्पांनी टीव्ही बंद केला आणि खुर्चीवर चढून फोटो उतरवला. ऐंशीच्या घरातला माणूस असल्या कारणासाठी खुर्चीवर चढतो, याचा मला रागच आला.

"तुम्हीन बी मन्हा दाखलावर हिंदूच लिखं व्हतं ना, आप्पा?" मी बोलून गेले.

मला शाळेत घातलं त्या काळी बौद्ध लिहिलं की अनुसूचित जातीला मिळणाऱ्या केंद्राच्या सवलती जायच्या. आमच्या वस्तीतल्या बहुतेकांनी तसंच लिहिलं होतं. या गोष्टीवर आम्ही घरात कधीच बोललो नव्हतो.

"लिखं," आप्पा म्हणाले. "पन मन्हा हात थरथरना व्हता. त्याना आवाज थरथरना का, तेवढं देखी सांग."

मी मोबाइलवर ती शपथ शोधली. आम्ही दोघांनी ती चारदा ऐकली. आवाज अगदी स्वच्छ होता. आप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते आत जाऊन पडले.

मी तिथेच बसून राहिले. मला लाज वाटत होती, आणि ती त्या खासदाराची नव्हती. गेल्याच महिन्यात लेकीचा कॉलेजचा अर्ज मी भरला होता. जुन्या कागदांशी जुळावं म्हणून धर्माच्या रकान्यात हिंदू लिहिलं आणि लगेच खालचा रकाना भरायला घेतला. त्या वेळी मी फोनवर मैत्रिणीशी गप्पा मारत होते.