थ्रेडिंगची केस

“हे मी कधी म्हटलं?” स्क्रीनवरून सुमनताईंनी विचारलं.

मी वाचायची थांबले. मस्कतला, रुवीतल्या आमच्या लीगल ट्रान्सलेशनच्या ऑफिसात संध्याकाळी मी आणि केबिनमधले मॅनेजर थॉमस सर, एवढेच उरतो. अमेरिकेत सुमनताईंची सकाळ होती. त्यांच्यामागे चहा उकळत होता.

“परत वाच बघू.”

मी परत वाचलं. “कष्ट करून पोट भरण्याचं स्वातंत्र्य मला देवाने दिलं आहे. सरकारने त्याच्या आड येऊ नये. असा कुठल्याच सरकारला अधिकार नाही.”

“छान लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “पण माझं नाही हे.”

सुमनताई चिपळूणजवळच्या. अमेरिकेत एका लहान गावातल्या ब्यूटी पार्लरमध्ये त्या दोऱ्याने भुवया करायच्या, म्हणजे थ्रेडिंग. एक दिवस राज्याच्या लायसन्स बोर्डाचा इन्स्पेक्टर आला आणि त्यांची खुर्ची बंद झाली. बोर्डाचं म्हणणं, थ्रेडिंगलाही ब्यूटीशियनचं पूर्ण लायसन्स हवं. त्याच्या कोर्सला हेअर डाय, पर्म, नखं, सगळं शिकवतात. थ्रेडिंग तेवढं शिकवत नाहीत. शिवाय कोर्स इंग्लिशमध्ये. सुमनताईंना कामापुरतं हिंदी येतं, आणि गिऱ्हाइकाशी बोलण्याइतकी चार इंग्लिश वाक्यं.

त्यांची केस तिथल्या एका थिंक टँकने घेतली. थिंक टँक म्हणजे धोरणांचा अभ्यास करणारी संस्था. ही त्या एका राज्यापुरती, उजव्या विचारांची. सरकारने लोकांच्या धंद्यात कमीत कमी हात घालावा, हे तिचं म्हणणं. संस्था अहवाल काढते, आमदारांना पटवायला बघते, आणि नाहीच पटलं तर कोर्टात जाते. अशा केसेस ती फुकट लढते. तिला हवा असतो निकाल, पुढच्या दहा केसेसमध्ये दाखवता येईल असा.

कोर्टात द्यायला सुमनताईंचं अ‍ॅफिडेव्हिट हवं होतं. संस्थेच्या लोकांना कोर्टाच्या कामाची सवय असलेला मराठी ट्रान्सलेटर जवळपास मिळेना. एका भाषांतराच्या एजन्सीमार्फत शोधत शोधत ते आमच्यापर्यंत आले. माझं काम सरळ होतं. सुमनताईंचं बोलणं इंग्लिशमध्ये द्यायचं, वकिलाने केलेला मसुदा त्यांना मराठीत वाचून दाखवायचा, आणि शेवटी सर्टिफिकेटवर सही करायची: पूर्ण मजकूर वाचून दाखवला, त्यांना समजला, आणि मान्य आहे असं त्यांनी सांगितलं.

आता त्यांना मान्य नव्हतं.

“ताई, यात चूक काय आहे, तेवढं सांगा. मी कळवते त्यांना.”

“अगं, ह्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. ते कोण देतं? सरकार. त्याच सरकारला मी कोर्टात कशी सांगू की माझ्या आड येऊ नकोस म्हणून? मला फक्त ती खुर्ची परत हवी आहे.”

मी वकिलाला फोन लावला. डॅनियल त्याचं नाव, वय असेल पस्तिशीचं. माणूस सभ्य होता.

“ते वाक्य ठेवावं लागेल,” तो म्हणाला. “आमची सगळी भूमिका त्यात आहे.”

“तुमची आहे. त्यांची नाही.”

“भूमिका वकीलच मांडतो. तुम्ही फक्त भाषांतर करता ना?”

“म्हणूनच सांगते आहे. त्या नाही म्हणाल्या. मी हो असं लिहू शकत नाही.”

तो विचार करून सांगतो म्हणाला आणि फोन ठेवला.

थॉमस सरांनी काचेतून सगळं ऐकलं होतं. ते केरळचे, मस्कतमध्ये जन्म घालवलेले. “मॅडम, क्लायंट जो बोलता है वो करने का. खलास. ये एजन्सी गया तो दूसरा काम नहीं आएगा.”

“सर, सही माझी आहे.”

“तो फिर आप ही संभालो.” त्यांनी बॅग उचलली आणि ते निघून गेले.

घरी जाऊन मी भात टाकला. नवरा सलालाहच्या पोर्टवर, महिन्यातून एकदा येतो. मुलगी पुण्यात हॉस्टेलवर. तिला मेसेज केला तर अंगठा आला. ऑफिसमध्ये आपण भांडलो, हे सांगायला कुणी नव्हतं. टीव्ही लावून जेवले. नोकरी जाईल का, याचा विचार करत बसले. आणि लक्षात आलं, ही हकिगत मला ज्यांना सांगावीशी वाटत होती, त्या सुमनताईच होत्या. त्यांनाच ती सांगता येणार नव्हती. ट्रान्सलेटरने पक्षकाराशी कामाबाहेर बोलायचं नसतं.

दोन दिवसांनी डॅनियलनेच कॉल लावला. आम्ही तिघं स्क्रीनवर.

“त्यांना काय सांगायचंय ते विचारा,” तो म्हणाला. “त्यांच्या शब्दांत.”

मी विचारलं. सुमनताईंनी पदर सारखा केला.

“ह्यांना सकाळी सेंटरवर सोडते. मग चार तास माझे. या गावात मराठी बोलणारं कुणी नाही. घरी ह्यांना बोलायचा थकवा येतो. पार्लरमध्ये बाई समोर बसते, मान वर करते, डोळे मिटते. मग ती तिचं सांगते, मी माझं. तिला माझं कळत नाही, मला तिचं अर्धं कळतं. पण दोघी बोलतो. आता ते चार तास मी गाडीत बसून काढते. पार्किंगमध्ये. एवढंच लिहा.”

मी इंग्लिशमध्ये सांगायला लागले. ‘पार्किंगमध्ये’पाशी थांबले. पाणी प्यायले आणि वाक्य पूर्ण केलं.

डॅनियल टाइप करत होता. “कायद्याच्या दृष्टीने यातलं फार काही उपयोगाचं नाही,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, “पण राहू दे.” स्वातंत्र्याचं वाक्य त्याने स्वतःच्या युक्तिवादात नेलं. नवा मसुदा मी वाचून दाखवला. सुमनताई प्रत्येक ओळीला “बरोबर” म्हणत गेल्या. मी सही केली.

त्यानंतरही कॉल होत राहिले. कधी तारखा समजावायला, कधी बोर्डाच्या वकिलाचे प्रश्न सांगायला. काम संपल्यावर त्या विचारायच्या, “जेवलीस का?” मी “हो” म्हणायचे. तेवढं चालत असावं, असं मी धरून चालले होते.

सुनावणी झालीच नाही. तिच्या आधीच बोर्डाने नियम बदलला. थ्रेडिंगला लायसन्स नको. सुमनताईंची खुर्ची परत मिळाली. पण भांडणच उरलं नाही, तेव्हा कोर्टाने केस निकाली काढली. वकिलांच्या भाषेत केस मूट झाली. म्हणजे संस्थेच्या हातात दाखवायला निकाल नाही.

“आम्ही जिंकलो,” शेवटच्या कॉलवर डॅनियल म्हणाला, “आणि हातात काहीच नाही.” सुमनताईंना मी यातलं फक्त पहिलं सांगितलं असतं तर बरं, असं वाटलं. पण दोन्ही सांगितलं. तेच माझं काम.

त्या हसल्या. “त्यांना वाईट वाटलं का गं? त्यांना म्हणावं, भुवया करायला या.” मग मला म्हणाल्या, “आता आपण कधी बोलायचं?”

“काम निघालं की, ताई.”

“आणि नाहीच निघालं तर?”

डॅनियल काय चाललंय म्हणून बघत होता. मी त्याला इंग्लिशमध्ये सांगितलं, “त्या आभार मानत आहेत.” अख्ख्या केसमध्ये मी चुकीचं केलेलं भाषांतर तेवढं एकच.

एजन्सी टिकली. थॉमस सर त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. सुमनताईंचा नंबर बंद झालेल्या फाइलमध्ये आहे आणि मी तो लावलेला नाही. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी एवढंच सांगते: केस हरली तर अपिलासाठी तुम्हाला परत बोलावतात. जिंकली, की सगळ्यात आधी तुमची गरज संपते.